आमचा माणूस तुमच्या दारी येणार नाही

शुक्रवारी सकाळी मेनोने आपल्या मोबाइलची तारीख सरकवून रविवारवर नेली आणि त्याचं सगळं आयुष्य पुसलं गेलं.

आयुष्य म्हणजे फोटो. शाळेच्या पहिल्या दिवशी खाऊचा भलामोठा कागदी शंकू छातीशी धरलेला मेनो, ओहोटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला मेनो, आणि लग्न मोडल्यावर त्याच चिखलात मुद्दाम जाऊन उभा राहिलेला मेनो. रविवारची घंटा वेळेवर वाजते का, एवढंच त्याला बघायचं होतं. घंटा उत्तम वाजली. फोटो मात्र एकही उरला नाही. ह्या सगळ्या मेनोंच्या प्रती आत्याच्या कपाटात होत्या, त्यामुळे त्याचं स्वतःचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे, कारण जे पुसलं गेलं ते त्यानेच लिहिलेल्या झाडूने पुसलं होतं. मागच्या महिन्यात त्याने मोबाइलमधली केराची टोपली आपोआप रिकामी करणारा झाडू, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिला होता आणि झाडूला पत्ता देताना टोपलीचा द्यायच्या ऐवजी अख्ख्या घराचा दिला होता. झाडूची वेळ होती शनिवार, संध्याकाळी सहा.

तो जिना उतरून खाली स्वयंपाकघरात आला. फोल्के आत्या चहा ओतत होती.

"आत्या, किस्ट उद्या संध्याकाळी सगळ्यांचे फोटो पुसणार आहे."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळे म्हणजे कोण?"

प्रश्न इतका रास्त होता की मेनो खाली बसला.

किस्ट म्हणजे तिकडच्या, उत्तरेच्या समुद्रकाठच्या बोलीत पेटी. ज्या मोठ्या कंपन्यांना आपण कुठे जातो, काय खातो आणि कोणावर रुसलोय हे आपल्या आधी कळतं, त्यांच्या पेटीत आपले फोटो ठेवायचे नसतील तर आपली साधी, मुकी पेटी असावी, ह्या विचाराने आत्या-भाच्याने ती बांधली होती. गोठ्यावरच्या माळ्यावर, जिथे पूर्वी गवत असायचं तिथे आता सर्व्हर होता. फोटो त्यात असत, पण झाडू प्रत्येकाच्या मोबाइलमधल्या किस्टमध्ये होता, आणि तिथून फिरणाऱ्या झाडूला माळ्यावरून थांबवता येत नव्हतं. आत्या आयुष्यभर पोस्टात होती आणि एवढ्या वर्षांत एकाही पोस्टकार्डाची लिहिलेली बाजू आपण पाहिली नाही, असं ती शपथेवर सांगे. तिच्या कडक देखरेखीखाली किस्ट तयार झाली होती. नाव विचारायचं नाही. पत्ता, फोन, ईमेल विचारायचं नाही. लोकांच्या मोबाइलवर आपणहून काही ढकलायचं नाही; अपडेट दारात ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलावं. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे इतरांच्या बाबतीत लोक पाळतात. आत्या-भाच्यांनी ते स्वतःच्या बाबतीतही पाळलं होतं.

इतकंच काय, किस्टची पत्रकं त्यांनी स्वतःच्या गावात ठेवलीच नव्हती. "इथे ठेवली तर कोण उचलतं ते आपल्याला दिसेल," आत्या म्हणाली होती. म्हणून दोघांनी ज्या गावात आपलं एकही माणूस ओळखीचं नाही असं गाव मुद्दाम शोधलं. ते निघालं ओस्टरमूर. तिथल्या बेकरीत, औषधांच्या दुकानात आणि वाचनालयात पत्रकं ठेवून दोघं मागे न बघता परत आले होते. मग माळ्यावरची पेटी हळूहळू जड होत गेली, त्यावरून कळलं की लोक आहेत. कोण, ते देवाला ठाऊक. आणि देवालाही त्यांनी विचारलं नसतं.

"संकेतस्थळावर लिही," आत्या म्हणाली.

"लिहिलं. झाडू काढलेलं नवीन अपडेटही ठेवलं. पण तिथे आपणच लिहिलंय की इथे वारंवार येऊ नका, माग राहतो."

"मग?"

"मग काय! शहाणी माणसं आहेत. कोणी येत नाही."

मेनोला खरी काळजी होती ती एका आवाजाची. गेल्या हिवाळ्यात एका बाईंचा फोन आला होता. थकलेला, जरा घोगरा आवाज. त्यांच्या नवऱ्याचा, हिनरिकचा आवाज एका जुन्या मोबाइलमध्ये उरला होता; हिनरिक मात्र उरला नव्हता. तो आवाज पेटीत कसा ठेवायचा, हे मेनोने त्यांना धीराने समजावलं होतं. त्या नाव सांगायला लागल्या तेव्हा त्याने जवळजवळ ओरडून त्यांना थांबवलं होतं. "बरं, मग नाव नसलेल्या बाईकडून आभार," असं म्हणून त्या हसल्या होत्या. आणि फोन ठेवता ठेवता मेनो म्हणाला होता, "आता जुन्या मोबाइलमधलं पुसून टाका हं. दोन ठिकाणी ठेवलं की दोन ठिकाणांहून चोरीला जातं."

हे वाक्य त्याला तेव्हा फार आवडलं होतं.

दुपारी त्याने ओस्टरमूरच्या वर्तमानपत्राला फोन लावला.

"किती लोकांचं नुकसान होणार आहे?" संपादकांनी विचारलं.

"ते आम्हाला माहीत नाही."

"कोणाकोणाचं?"

"तेही नाही."

"बरं, तुमचं नाव?"

"ते आम्ही सांगत नाही," मेनो सवयीने म्हणाला.

"म्हणजे बघा," संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोणीतरी म्हणतंय की कोणाचं तरी काहीतरी जाणार आहे. ही बातमी नाही हो, हा स्वभाव आहे."

शनिवारी सकाळी मेनो सायकल काढून निघाला. वारा नेहमीप्रमाणे समोरून होता. ओस्टरमूरला पोचल्यावर त्याने आधी बेकरी गाठली.

"मॉइन," त्याने तिकडचा नमस्कार केला. "इथे किस्टची पत्रकं होती ना? कोणी नेली?"

बेकरीवाली पावावरचं पीठ झटकत होती. तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही त्याने तिचं वजन विचारलं होतं. "मी बघत नाही."

"एखादं तरी आठवत असेल?"

"त्या पत्रकावरच लिहिलं होतं, कोण उचलतं ते बघू नका म्हणून. मी काय वाचता न येणारी आहे?"

मेनोला एकाच वेळी अभिमानही वाटला आणि रडूही आलं. तो बाहेर पडला आणि त्याने पहिल्या घराची घंटा वाजवली.

दार उघडलं ते एका गोल चेहऱ्याच्या गृहस्थांनी. "किस्ट? ते काय असतं? या, आत या, चहा घ्या." त्या किनाऱ्यावर चहा म्हणजे तीन कप. त्याआधी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर चहा, त्यावर सायीचा ढग, आणि तिसऱ्या कपानंतर चमचा कपात उभा करायचा, म्हणजे पुरे. मेनोने तीन कप घेतले आणि कळलं की गृहस्थांकडे मोबाइलच नाही.

दुसऱ्या घरी दोन बहिणी होत्या. "किश? केस्ट? बाई, आम्हाला नाही हो माहीत. बसा ना!" तीन कप. तिसऱ्या घरी पुन्हा तेच. चौथ्या घरी एका उंच बाईंनी दार उघडलं.

"मॉइन. मी किस्टकडून आलोय."

धाडकन दार बंद. आतून साखळी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी साखळी.

मेनो पायरीवर उभा राहिला, त्याच्या पोटात नऊ कप चहा डुचमळत होता आणि डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. किस्टच्या पत्रकाची मागची बाजू त्याने स्वतः लिहिली होती. ठळक अक्षरांत. *आमचा माणूस तुमच्या दारी कधीही येणार नाही. आला तर तो भामटा समजा. त्याच्याकडे कागदपत्रं असतील तर नक्कीच भामटा. त्याच्याशी बोलू नका, पोलिसांना कळवा.* म्हणजे जिथे चहा मिळतो ती घरं आपली नाहीत. जिथे दार आपटतं, ते आपलं माणूस!

हा शोध लागल्यावर कामाला वेग आला. तो घंटा वाजवायचा, "किस्ट" म्हणायचा. चेहरा फुलला की "चुकलो, माफ करा" म्हणून पळायचा. दार आपटलं की आनंदाने खाली वाकून पत्रं टाकायच्या फटीत तोंड घालायचा आणि आत ओरडायचा, "नवीन अपडेट घ्या! सहाच्या आत घ्या! नाहीतर सगळं जाईल!"

एका घरी फटीतून त्याच्या नाकावर पाण्याचा फवारा आला. फुलांना मारतात तो. मेनोला गहिवरून आलं. इतके दक्ष लोक त्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

दुपारी तीनच्या सुमाराला तो एका फटीत तोंड घालून वाकलेला असताना मागून कोणीतरी त्याच्या पाठीवर टकटक केलं, दारावर करतात तसं.

"मॉइन," मागचा माणूस म्हणाला. "उठा आता."

तो ओनो होता, गावाचा एकुलता एक पोलीस. लांब हाताचा, सावकाश बोलणारा.

"तुमच्याबद्दल तक्रारी आल्यात. कोणीतरी किस्टचं नाव सांगत फिरतंय म्हणे."

"अहो, तो मीच. आणि मी खरंच किस्टचा आहे!"

"असं भामटाही म्हणेल."

"ओळखपत्र दाखवतो."

"असं तर भामटा नक्कीच म्हणेल. कागदपत्रं असतील तर जास्त सावध राहा, असं त्यांच्या पत्रकातच आहे." ओनो क्षणभर थांबला. "म्हणजे, लोक सांगतात मला."

पोलीस चौकीत ओनो, खुर्ची आणि हीटर एवढंच मावत असल्यामुळे मेनोला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेलं. ओनो मात्र न्यायी माणूस होता. किस्टच्या संकेतस्थळावर कायद्याने एक नाव आणि फोन नंबर लागतो, म्हणून तिथे आत्याचा होता. त्याने तो लावला आणि आवाज मोठा केला.

"हॅलो, कोण?" आत्याचा आवाज.

"पोलीस. ओस्टरमूर."

"हे कोणीही म्हणेल."

"आपण फोल्के उबेन का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"इथे एक इसम आहे. म्हणतो, मी किस्टचा माणूस आणि तुमचा भाचा."

"आत्या! मी मेनो! सांग ना ह्यांना!"

पलीकडून आत्या एकेक शब्द तोलून म्हणाली, "हल्ली आवाजाच्या नकला फार छान करता येतात. आमचा माणूस कधीही कोणाच्या दारी जात नाही. गेला तर तो भामटा. धन्यवाद." फोन बंद.

ओनोने मेनोकडे पाहिलं.

"ती अगदी बरोबर वागली," मेनो म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं, हेच दुःख होतं.

"मग आता ओळख पटवायला हवी," ओनो म्हणाला आणि तक्रार करणाऱ्या सगळ्यांना त्याने बोलावून घेतलं.

पाचच्या पुढे लोक यायला लागले. सगळ्यांच्या टोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, मफलर नाकापर्यंत, जाकिटांच्या गळपट्ट्या वर. आत येऊन कोणी काही काढलं नाही. "वारा फार आहे," प्रत्येक जण म्हणाला. खिडक्या बंद होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि कोणी कोणाला ओळखत नसल्यासारखं दाखवण्यात सगळं गाव इतकं तरबेज झालं होतं, की एका टोपीवाल्याने आपल्या बायकोलाच "बाई, जरा सरकता का?" असं म्हटलं. मेनो भिंतीपाशी उभा राहून बघत राहिला. ज्यांच्यासाठी त्याने वर्षानुवर्षं माळ्यावर बसून पाठ मोडली होती, ते सगळे त्याच्यासमोर उभे होते, आणि ते सगळे त्याला पकडायला आले होते. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

अडचण एवढीच होती की बहुतेकांनी भामट्याला पाहिलं नव्हतं. फक्त फटीतून ऐकलं होतं.

"मग म्हणून दाखवा," ओनोने मेनोला सांगितलं. "तुम्ही जे म्हणत होता तेच. मोठ्याने."

मेनोचा चेहरा उजळला. "नवीन अपडेट घ्या! सहाच्या आत घ्या, नाहीतर सगळं जाईल!"

"हाच!" एक मफलर म्हणाला.

"परत," ओनो म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

"नवीन अपडेट घ्या! हात जोडतो! सहाच्या आत!"

"हाच हाच! असाच रडवेला आवाज!"

"किती सराईत आहे बघा. डोळ्यांत पाणीसुद्धा आणतो."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. ज्यांना सांगायचं ते सगळे समोर होते, जे सांगायचं ते तो पोलिसांच्या आज्ञेवरून पुन्हा पुन्हा ओरडत होता, आणि प्रत्येक वेळी त्यांची खात्री वाढत होती की हे ऐकायचं नाही.

"थांबा," गर्दीतून एक घोगरा, थकलेला आवाज आला. मेनोने तो लगेच ओळखला. निळ्या टोपीखालच्या ठेंगण्या बाई पुढे आल्या. "हा आवाज मी आधी ऐकलाय. फोनवर."

"हो!" मेनो जवळजवळ उडालाच. "हो, आजी! मीच तो! सांगा ह्यांना, मी तुम्हाला काय सांगितलं होतं!"

"सांगते की," बाई थंडपणे म्हणाल्या. "हा मला म्हणाला होता, जुन्यातलं पुसून टाका."

हॉलमधून एक सामुदायिक हाय बाहेर पडली.

"पुसलंत?" कोणीतरी विचारलं.

"पुसलं ना! विश्वास ठेवला ना ह्या मेल्यावर." बाईंनी खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला, पाखरू उडून जाऊ नये म्हणून ठेवावा तसा. "आता एवढंच आहे माझ्याकडे. आणि ह्याला तेही हवंय."

मेनोने घड्याळाकडे पाहिलं. बाईंचं सोळा आणे खरं होतं. तो काही न मागता त्यांचं सर्वस्व न्यायला निघाला होता, आणि तेही सहा वाजता.

एवढ्यात दार उघडून वाऱ्यासकट फोल्के आत्या आत आली. केस विस्कटलेले, एका पायात विजार आवळायची सायकलची क्लिप. तिने एका नजरेत सगळं पाहिलं: टोप्या, मफलर, घड्याळ, भिंतीला टेकलेला भाचा. मेनोने सुटकेचा श्वास घेतला.

आत्याने हात लांब करून त्याच्या नाकासमोर बोट धरलं. "हाच तो भामटा!"

मेनोचा श्वास होता तिथेच अडकला.

"आपण कोण?" ओनोने विचारलं.

"नाव कशाला सांगू?"

मफलरांतून पसंतीची कुजबुज झाली. बाई भरवशाची दिसत होती.

"माझ्याकडेही आला होता हा," आत्या म्हणाली. "ह्याच्याकडे जुन्या किस्टची किल्ली आहे. म्हणून तर पत्ते हुडकत फिरतोय. मी बरी शहाणी, कालच नवीन अपडेट घेतलं. आता बस म्हणावं हात चोळत!"

"पण अहो, अपडेट घ्या असं तर तो स्वतःच ओरडतोय," एका टोपीने शंका काढली.

मेनोला वाटलं, संपलं. आत्याने मात्र त्या टोपीकडे कनवाळूपणे पाहिलं. "तो घ्या म्हणाल्यावर तुम्ही घेतलंत?"

"छे! आम्ही काय खुळे आहोत?"

"झालं तर! तुम्ही घेऊ नये म्हणूनच तर तो घ्या, घ्या करत गावभर फिरला. तुम्ही हुशार लोक आहात, ह्याचा फायदा घेतला त्याने."

हॉल सुन्न झाला. इतका नीच डाव कोणाच्या कल्पनेतही आला नव्हता. आत्याने ह्या शांततेत मेनोच्या पायावर सायकलच्या क्लिपसकट पाय ठेवला आणि दाबला, आणि मेनोला एकदम सगळं समजलं.

"नका हो!" तो कळवळून ओरडला. "नका घेऊ अपडेट! माझ्या पोटावर पाय येईल! मुलंबाळं आहेत मला!"

त्याला मूलबाळ नव्हतं. पण त्याचा उपयोग झाला. सगळा हॉल एकदम फिरला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठ करून आपल्या मोबाइलवर वाकला. कोणी कोपरा धरला, कोणी खांब, कोणी जाकीट डोक्यावरून घेतलं. जिकडे बघावं तिकडे पाठी. ओनोसुद्धा भिंतीवर लावलेलं आगीचं वेळापत्रक वाचायला फार जवळ जाऊन उभा राहिला, आणि वेळापत्रक वाचताना त्याचा अंगठा हलत होता.

घड्याळाचा काटा सहावर आला. सहावरून पुढे गेला.

"आहे," एक पाठ म्हणाली.

"माझंही आहे."

"आमच्या टॉमकेचं बारसं पण आहे."

"कुठली टॉमके?"

"कोणी नाही."

निळ्या टोपीच्या बाईंनी मोबाइल कानाला लावला. ऐकायला त्रास होत असावा, कारण आवाज त्यांनी पूर्ण मोठा ठेवला होता. आधी नुसता वारा ऐकू आला. मग त्या वाऱ्यातून एक माणूस जीव तोडून ओरडला, "नगराध्यक्ष! ए नगराध्यक्ष! सोड ते बदक! सोड म्हणतो ना! ...अगं, हा ऐकतच नाही, तू चहा ठेव, मी आलोच."

सगळा हॉल आपापल्या बुटांकडे बघत राहिला. तो कुत्रा कोणाचा होता, त्याने कोणाकोणाची बदकं खाल्ली होती आणि खऱ्या नगराध्यक्षांनी त्याबद्दल काय पत्र पाठवलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. कोणी एक अक्षर बोललं नाही. बाईंनी मोबाइल खाली घेतला, पुन्हा कानाला लावला, पुन्हा ऐकलं. मेनो भिंतीला धरून हळूच खाली बसला. तो मूर्खासारखा हसत होता.

"पकडला गेला तरी हसतोय," एक मफलर म्हणाला.

ओनो खाकरला. "चला, आता रीतसर तक्रार. पहिले तक्रारदार कोण? पुढे या." कोणीतरी पुढे आलं. "नाव?"

"नाव कशाला?"

"नावाशिवाय तक्रार होत नाही हो."

"मग राहू दे."

"तुमचं?"

"मी सहज आलो होतो. वारा होता बाहेर."

"तुमचं, बाई?"

निळ्या टोपीने मान हलवली. एकेक जण दाराकडे सरकू लागला. पाच मिनिटांत हॉलमध्ये ओनो, मेनो आणि आत्या उरले. "विचित्रच आहे," ओनो म्हणाला. "गुन्हा झाला, गुन्हेगार आहे, पण कोणाविरुद्ध झाला तेच सापडत नाही. जा तुम्ही." दारापर्यंत पोचवताना तो हळूच पुढे म्हणाला, "आणि त्या अपडेटचं अक्षर जरा बारीक झालंय. म्हणजे, लोक म्हणतात."

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. दोघं बांधावरून शेजारी शेजारी सायकली चालवत होते.

"फोन ठेवला आणि मग मनात आलं," आत्या म्हणाली, "पोलीस खरा असला तर?"

"तू बरोबर वागलीस."

"ते मला माहीत आहे. पाय दुखतोय का?"

"फार."

मेनोला इतकं हलकं वाटत होतं की वाऱ्याने उचलून समुद्रात टाकलं असतं तरी त्याची हरकत नव्हती. मग आत्याने विषय काढला. तो ती काढणार, हे त्याला ठाऊक होतं.

"आज तू त्यांना पाहिलंस. नियमाने पाहायला नको होतं."

"टोप्या होत्या, आत्या. कोणाचंच काही कळलं नाही."

"नावं?"

"एकही नाही."

"घरं?"

"सगळी दारं सारखीच दिसतात, आपटल्यावर."

"म्हणजे त्यांच्याबद्दल तुला काहीसुद्धा कळलेलं नाही. शपथ घे."

मेनो प्रामाणिक माणूस होता. त्याने थोडा वेळ पायडल मारले. "फक्त एका कुत्र्याचं नाव कळलं."

आत्या गंभीरपणे विचार करत राहिली. कुत्र्यांच्या बाबतीत नियम काय असावा, ह्याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"तेही विसर," ती शेवटी म्हणाली.

"प्रयत्न करतो," मेनो म्हणाला. पुढच्या वळणावर एक बदक रस्ता ओलांडत होतं. ते बघून आधी आत्याचंच हसू फुटलं.